तटस्थ गोवा : महायुद्धात कोण वाचले आणि का?

दुसऱ्या महायुद्धाचा नकाशा वर्गात लावला की विद्यार्थ्यांचे लक्ष आधी रंगांकडे जाते. दोस्त राष्ट्रांचा एक रंग, अक्ष राष्ट्रांचा दुसरा. मधूनमधून काही पांढरे तुकडे राहतात. ते तटस्थ देश. युरोपात स्वित्झर्लंड, स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड आणि दोनचार चिमुकली राज्ये एवढेच तुकडे अखेरपर्यंत पांढरे राहिले. पण नकाशा जरा मोठा असेल तर असाच एक पांढरा ठिपका आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही सापडतो. तो म्हणजे गोवा.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी इथल्या कोणत्याही निवडून आलेल्या प्रतिनिधीला विचारले नाही. त्याच सुमारास लिस्बनमध्ये सालाझार सरकारने पोर्तुगाल तटस्थ राहील असे सांगितले. त्यांनीही गोव्यातल्या कोणाला विचारले नाही. परिणाम असा, की सावंतवाडी संस्थानातला शेतकरी युद्धात सापडला आणि हद्दीपलीकडे पेडण्यात राहणारा त्याचा सोयरा तटस्थ ठरला. बोली तीच, देव तेच, भाताची शेतीही तीच. गोव्याच्या तीन बाजूंना युद्धात उतरलेला ब्रिटिश मुलूख आणि चौथ्या बाजूच्या समुद्रावर ब्रिटिश आरमार. मनात आणले असते तर ब्रिटिशांना गोवा घ्यायला चार दिवससुद्धा लागले नसते. मग त्यांनी तो घेतला का नाही?

‘गोवा तटस्थ होता म्हणून’ हे उत्तर परीक्षेत चालून जाईल. पण नॉर्वे तटस्थ होता. डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग हेही तटस्थ होते. ते का वाचले नाहीत? तेव्हा तटस्थता हे उत्तर नसून तोच खरा प्रश्न आहे. या लेखात तो गोव्याच्या निमित्ताने सोडवून पाहू. वऱ्हाडातल्या वाचकाला गोवा दूरचा वाटेल, पण याच प्रश्नाचा एक जुना धडा अकोला-अमरावतीच्या मातीतही पडलेला आहे. त्याकडे शेवटी येऊ.

कायदा काय सांगतो?

हेग येथे १९०७ साली झालेल्या करारांत तटस्थ देशांचे हक्क आणि कर्तव्ये लिहून ठेवलेली आहेत. तटस्थ देशाच्या भूमीला युद्धमान राष्ट्रांनी हात लावू नये. तटस्थ देशाने कोणत्याही बाजूने लढू नये आणि आपल्या भूमीवरून कोणाचे सैन्य जाऊ देऊ नये. युद्धनौका तटस्थ बंदरात आली तर तिने साधारणपणे चोवीस तासांच्या आत निघून जावे. व्यापारी जहाजांना मात्र हे बंधन नाही. खासगी व्यापाऱ्यांनी दोन्ही बाजूंना माल विकायलाही आडकाठी नाही. हे शेवटचे दोन मुद्दे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडेल.

कायदा इतका स्पष्ट असूनही तो मोडला गेला, आणि तो एकाच बाजूने मोडला असेही नाही. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला. त्याच्या आदल्याच दिवशी ब्रिटनने नॉर्वेच्या सागरी हद्दीत सुरुंग पेरले होते. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये शिरल्या. त्याच दिवशी ब्रिटिश सैनिक तटस्थ आइसलँडमध्ये उतरले. २५ ऑगस्ट १९४१ रोजी ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांनी मिळून तटस्थ इराणचा ताबा घेतला. बेल्जियमची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १८३९ च्या लंडन तहाने त्याच्या तटस्थतेची हमी मोठ्या राष्ट्रांनी सहीनिशी दिली होती. तरी १९१४ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये जर्मन सैन्य त्याच्यावरून गेले.

चार प्रश्न

कोण वाचेल आणि कोण नाही हे समजण्यासाठी प्रत्येक देशाला चार प्रश्न विचारून पाहावेत. सोयीसाठी त्यांना वाट, माल, मोल आणि दार अशी नावे देऊ.

वाट : हा देश शत्रूकडे जाण्याच्या किंवा एखाद्या महत्त्वाच्या ठिकाणाच्या वाटेवर आहे का?

माल : त्या देशाकडे असलेली हवी ती वस्तू तो न जिंकताही मिळते आहे का?

मोल : तो जिंकायला आणि जिंकून ताब्यात ठेवायला काय मोजावे लागेल? त्याचे पडसाद दुसरीकडे कुठे उमटतील?

दार : तो तटस्थ राहिल्याने लढणाऱ्यांचे एखादे असे काम होते का, जे दुसरीकडे होणार नाही?

बेल्जियम वाटेवर होता. फ्रान्सची मजबूत तटबंदी टाळून जायचे तर रस्ता तिथूनच. नॉर्वेचेही तसेच. स्वीडनच्या उत्तरेकडच्या किरुना भागातले लोहखनिज जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना लागत असे. हिवाळ्यात स्वीडनचे लुलिओ बंदर गोठते, तेव्हा ते खनिज रेल्वेने नॉर्वेच्या नार्विक बंदराला जाई आणि तिथून जहाजाने जर्मनीला. नार्विक ज्याच्या हाती, त्याच्या हाती ही वाट. म्हणून नॉर्वे गेला. स्वीडनच्या बाबतीत मात्र वाट जर्मनांच्या हाती आधीच आली होती आणि माल रीतसर विकत मिळत होता. स्वारी केली असती तर खाणी आणि रेल्वे उद्ध्वस्त होऊन तो मिळणेच बंद झाले असते. शिवाय १९४० च्या उन्हाळ्यापासून १९४३ च्या ऑगस्टपर्यंत स्वीडनने जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने नॉर्वेला ये-जा करू दिली. हेगच्या नियमांत हे बसत नव्हते. त्याच स्वीडनने १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधून होड्यांनी आलेल्या सात हजारांहून अधिक ज्यूंना आसराही दिला. दोन्ही गोष्टी एकाच देशाने केल्या, आणि इतिहास शिकवताना दोन्ही सांगायला हव्यात.

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की मुले ‘डोंगर’ असे उत्तर देतात. ते अर्धे बरोबर आहे. स्विस सैन्याने १९४० मध्ये सपाटीचा प्रदेश सोडून आल्प्समध्ये ठाण मांडण्याची योजना केली. पण तिची खरी धार डोंगरांपेक्षा बोगद्यांत होती. गोटहार्ड आणि सिंप्लॉन हे आल्प्सखालून जाणारे रेल्वेचे मोठे बोगदे. जर्मनीचा कोळसा इटलीला या मार्गाने जाई. स्वारी झालीच तर ते उडवून देण्यासाठी स्विसांनी त्यांत सुरुंग भरून ठेवले होते. म्हणजे जिंकायला गेले की जिंकण्यासारखी वस्तूच नाहीशी होणार. दुसरीकडे स्विस बँका जर्मनीकडून सोने घेऊन सर्वत्र चालणारे चलन देत होत्या. त्या सोन्यात लुटीचेही सोने होते, आणि त्याची सविस्तर चौकशी स्वित्झर्लंडने १९९६ नंतर आयोग नेमून केली. मोल जास्त आणि दार उपयोगाचे, हे स्वित्झर्लंडचे गणित.

पोर्तुगालचे गणित : एक धातू आणि नऊ बेटे

गोव्याचे उत्तर शोधायला आधी पोर्तुगालला जावे लागते, कारण गोव्याचा निर्णय गोव्यात होत नव्हता.

पोर्तुगालकडे व्हुल्फ्रॅमचे, म्हणजे टंगस्टनचे खनिज होते. विज्ञानाच्या तासाला हा धातू विजेच्या दिव्याच्या तारेपुरता येतो. त्याचा वितळणबिंदू सुमारे ३४२० अंश सेल्सिअस, म्हणजे सगळ्या धातूंत सर्वांत वरचा. पोलादात तो मिसळला की ते पोलाद लालबुंद तापले तरी आपला कठीणपणा सोडत नाही. म्हणून लेथ आणि ड्रिल यंत्रांची कापणारी पाती त्याच्या पोलादाची करतात. त्याचा कार्बनशी संयोग करून बनवलेले कार्बाइड तर याहून कठीण. चिलखत फोडणाऱ्या गोळ्यांच्या गाभ्यातही टंगस्टन वापरत. हत्यारे बनवणारी हत्यारे ज्या धातूची, तो धातू जर्मनीला हवा होता. जून १९४१ मध्ये रशियावर स्वारी केल्यापासून आशियातून जमिनीवरून येणारा पुरवठा तुटल्यामुळे त्याची सारी भिस्त पोर्तुगाल आणि स्पेनवर आली. ब्रिटनला तो स्वतःसाठी हवा होता आणि जर्मनीला मिळू नये म्हणूनही हवा होता. पोर्तुगालने दोघांनाही विकला आणि दोघांकडून भाव वाढवून घेतला. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या दडपणाखाली ही निर्यात थांबली.

दुसरी गोष्ट अझोर्स बेटांची. अटलांटिकच्या मध्यावरची ही नऊ बेटे पोर्तुगालची. त्या काळच्या विमानांचा पल्ला मर्यादित होता. अमेरिका, आइसलँड आणि ब्रिटन येथून उडालेली विमाने जिथे पोचू शकत नव्हती, त्या मधल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या दोस्तांची जहाजे बुडवत. अझोर्सवर विमानतळ मिळाला तर त्या पट्ट्याचा बराचसा भाग टप्प्यात येणार होता. १९४३ च्या मे महिन्यात चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी बेटे बळाने घेण्याचाही विचार केला. लंडनमधल्या मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी आधी बोलणी करावीत असा आग्रह धरला. इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा १३७३ सालचा तह पुढे करून बोलणी झाली, ऑगस्टमध्ये करार झाला आणि ८ ऑक्टोबर १९४३ रोजी ब्रिटिश सैनिक पोर्तुगालच्या संमतीने अझोर्समध्ये उतरले.

तिसरी गोष्ट स्पेनची. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पिरिनीज पर्वतापर्यंत येऊन ठेपले होते. पोर्तुगाल उघडपणे ब्रिटनच्या बाजूला गेला असता तर स्पेन जर्मनीकडे झुकला असता आणि जिब्राल्टर धोक्यात आले असते. म्हणून जुना मित्र असूनही पोर्तुगालने युद्धात उतरू नये, तटस्थच राहावे, हे ब्रिटनलाही सोयीचे होते.

आता गोव्याकडे पाहा. ब्रिटनने गोवा घेतला असता तर मिळाले काय असते? एक चांगले बंदर. मुंबई हाती असताना त्याची निकड नव्हती. गोव्यातल्या लोहखनिजाचा मोठा व्यापार युद्धानंतरच्या काळातला आहे. आणि गमावले काय असते? लिस्बनची मर्जी, व्हुल्फ्रॅम, आणि अझोर्सची आशा. आग्वादच्या किल्ल्यावरच्या तोफांना ब्रिटिश आरमार भीत नव्हते. गोव्याचे रक्षण हजारो किलोमीटर दूर अटलांटिकमधली बेटे करत होती.

शिवाय गोवा न घेताही ब्रिटिशांच्या मुठीत होता. मुरगाव बंदरापासून दूधसागरावरून कॅसलरॉकला चढणारी रेल्वे १८८० च्या दशकात ब्रिटिश भांडवलाने झाली, आणि ती घाटावर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रेल्वेलाच मिळत होती. गोव्यात पिकणारा तांदूळ गोव्याला पुरत नसे. हजारो गोवेकर मुंबईत नोकरीला होते, कित्येक जण ब्रिटिश जहाजांवर खलाशी आणि आचारी होते. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची घरे चालत. कागदावर हे लोक तटस्थ देशाचे प्रजाजन. पण जहाज बुडवणारी पाणबुडी खलाशाचे गाव विचारत नव्हती.

मुरगावातली रात्र

गोव्याच्या तटस्थतेचा भंग अजिबात झाला नाही असे मात्र नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन व्यापारी जहाजे आसऱ्यासाठी मुरगाव बंदरात आली. पुढे इटली युद्धात उतरल्यावर अन्फोरा हे इटालियन जहाज त्यांच्या सोबतीला आले. व्यापारी जहाजांना चोवीस तासांचा नियम लागू नसल्याने ती बंदरातच राहिली. बाहेर पडली असती तर ब्रिटिशांनी धरली असती.

अरबी समुद्रात दोस्तांची जहाजे बुडू लागली तेव्हा ब्रिटिशांच्या गुप्त कारवायांच्या खात्याला संशय आला, की एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबर जाते. उघडपणे सैनिक पाठवले तर तटस्थ मुलखावर हल्ला झाला असे होणार. म्हणून त्यांनी कलकत्त्यातल्या कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पथकांतली माणसे निवडली. हे व्यापारी कंपन्यांतले मध्यमवयीन साहेब लोक. फीबी नावाचा गाळ वाहून नेणारा एक पडाव कलकत्त्याहून सारा किनारा वळसा घालून आला. बहुतेक मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन त्यावर चढली. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जहाज बुडाले. ते जळताना पाहून बाकीच्या तीन जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजे पेटवून दिली. ब्रिटिशांनी हात झटकले. ही हकिगत १९७८ मध्ये एका पुस्तकातून आणि १९८० मध्ये एका इंग्रजी चित्रपटातून जगापुढे आली.

या घटनेत शिक्षकांच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली पुराव्याची. त्यानंतर पाणबुड्यांचे हल्ले कमी झाले, म्हणून खबर एरेनफेल्सवरूनच जात होती, असे चित्रपट सुचवतो. पण एका घटनेनंतर दुसरी घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. १९४३ मध्ये पाणबुड्यांची पीछेहाट सगळ्याच समुद्रांत सुरू झाली होती. त्यामागे सुधारलेले रडार, लांब पल्ल्याची विमाने आणि संकेतलिपीची उकल अशी अनेक कारणे होती. विद्यार्थ्यांना प्रयोगात ‘बाकीचे घटक स्थिर ठेवा’ असे आपण सांगतो. इतिहासात ते ठेवता येत नाहीत, म्हणून तिथे अधिक सावध राहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी, की ब्रिटिशांनी गोव्याचा कायदा मोडला, पण गोवा घेतला नाही. जी काही चोरी केली ती रात्री, वेष बदलून आणि नाकारता येईल अशा बेताने. लिस्बनशी संबंध तुटू नयेत ही गरज किती मोठी होती, हे त्या लपवाछपवीवरूनच दिसते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच बंदराने वेगळे काम केले. जपानच्या ताब्यातले अमेरिकन आणि इतर दोस्त नागरिक घेऊन तेइआ मारू हे जहाज मुरगावला आले. अमेरिका खंडातून जपानी नागरिक घेऊन ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज आले. प्रत्येकावर सुमारे दीड हजार माणसे. धक्क्यावर त्यांची अदलाबदल झाली आणि जहाजे परतली. लढणाऱ्या दोघांना एकमेकांच्या शेजारी नांगर टाकता येईल असे बंदर फक्त तटस्थ मुलखातच मिळू शकते. आपल्या चार प्रश्नांतले ‘दार’ ते हेच.

तीन वसाहती, तीन नशिबे

आतापर्यंतचे उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायची एक संधी इतिहासाने दिली आहे. आशियात पोर्तुगालच्या ताब्यात गोवा-दमण-दीव, मकाव आणि तिमोर बेटाचा पूर्व भाग असे मुलूख होते. सरकार एकच, तटस्थतेची घोषणा एकच. कायद्यानेच रक्षण होत असते तर तिघांचे नशीबही एकच असायला हवे होते.

तिमोर ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होते. जपान ते घेईल या भीतीने १७ डिसेंबर १९४१ रोजी डच आणि ऑस्ट्रेलियन सैनिक पोर्तुगालच्या संमतीशिवाय दिली येथे उतरले. सालाझारने निषेध केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरले आणि युद्ध संपेपर्यंत राहिले. डोंगरात लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांना तिमोरी लोकांनी मदत केली आणि त्याची शिक्षा त्यांना भोगावी लागली. गावे जाळली गेली, अन्न लुटले गेले. युद्धाच्या काळात तिथले चाळीस ते सत्तर हजार लोक मरण पावले असे अंदाज आहेत. वाटेवर असण्याची ही किंमत.

मकाव हाँगकाँगच्या शेजारी. २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग पडले. जपानने मकावला मात्र वेढूनच ठेवले. धान्य त्याच्या मर्जीने येणार, हुकूमही त्याचेच चालणार, मग ताबा घेण्याची गरज नव्हती. उलट व्यापार आणि निरोपांसाठी ते दार उघडे असलेले बरे. निर्वासितांमुळे लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली आणि भुकेने माणसे मेली. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी तिथल्या इंधनाच्या साठ्यावर बाँब टाकले, आणि पुढे १९५० मध्ये अमेरिकेने त्याची भरपाई दिली.

गोवा ब्रिटिशांच्या मुठीत, मकाव जपानच्या मुठीत, आणि तिमोर दोघांच्या मधल्या वाटेवर. पहिली दोन वाचली, तिसरे भरडले गेले.

स्वतः गोव्याचीही एक जुनी नोंद या हिशेबाला पुष्टी देते. १७९९ मध्ये, नेपोलियन इजिप्तला पोचलेला आणि टिपूचे फ्रेंचांशी संधान असलेले पाहून, ब्रिटिशांनी गोव्यात आपले सैन्य आणून ठेवले. पोर्तुगाल मित्र होता, शत्रू नव्हता. तरी ते सैन्य १८१३ पर्यंत हलले नाही. गोवा तोच आणि मैत्रीही तीच. पण तेव्हा फ्रेंच आरमार या वाटेने येईल अशी भीती होती, आणि गोवा घेतल्याने दुसरीकडे गमवावे लागेल असे काही नव्हते.

आडगाव आणि अंजनगाव

आता वऱ्हाडात येऊ. दोन युरोपीय राष्ट्रांच्या युद्धाऐवजी इथे कंपनी सरकार आणि मराठे समोरासमोर आहेत, पण तटस्थ राहणाऱ्याचा प्रश्न तोच आहे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध सुरू झाले. यशवंतराव होळकर या युद्धात उतरले नाहीत. शिंद्यांशी त्यांचे रक्ताचे वैर होते. १७९७ मध्ये भाऊ मल्हारराव शिंद्यांच्या माणसांकडून मारला गेला होता, आणि १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता. इंग्रजांनी होळकरांना चुचकारून दूर ठेवले. त्यांच्या घोडदळाने बाजू घेतली असती तर तिघांशी एकदम लढण्याचे मोल कंपनीला जड गेले असते.

पुढचा घटनाक्रम आपल्या जिल्ह्यांतला आहे. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातल्या आडगावच्या मैदानात भोसल्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, सोडला आणि तो निजामाकडे गेला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केला.

त्या दोन सह्यांनंतर होळकरांच्या तटस्थतेची किंमत उरली नाही. एकट्याशी लढणे कंपनीला परवडत होते. १८०४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याशीही युद्ध पुकारले गेले. होळकर शर्थीने लढले, पण डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह त्यांना करावा लागला. ‘ते तिघे एकत्र का आले नाहीत’ हा प्रश्न आपण वर्गात नेहमी विचारतो. त्याच्या जोडीला ‘बाजूला राहिलेल्याला किती दिवस सोडले आणि का’ हाही विचारावा. भांडण चालू असताना ज्याचे बाजूला राहणे उपयोगाचे, त्याची पाळी भांडण मिटल्यावर येऊ शकते.

तटस्थता कोणाची?

गोव्याच्या लोकांना १९३९ ते १९४५ मध्ये बाँब सोसावे लागले नाहीत, ही लहान गोष्ट नाही. तिमोरकडे पाहिले की तिचे मोल कळते. पण ती त्यांची निवड नव्हती. १९३० च्या वसाहत कायद्याने त्यांचे राजकीय हक्क आवळलेले होते. सभा भरवायला परवानगी लागे. युद्ध संपल्यावर १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी मोडून सभेचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. ज्या राजवटीने तटस्थतेच्या जोरावर वसाहत राखली, तिने त्या वसाहतीतल्या माणसाला बोलू दिले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माणसालाही युद्ध हवे की नको हे कोणी विचारले नव्हते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना निर्णय परक्याचा होता.

पुढे काय झाले तेही या हिशेबात बसते. १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटो संघटनेचा संस्थापक सदस्य झाला. तरीही डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा सुमारे ३६ तासांत पोर्तुगीज राजवट संपली. जुन्या तहाचा हवाला देऊनही ब्रिटनने पोर्तुगालच्या मदतीला शस्त्र उचलले नाही. आता गोव्यापायी गमावण्यासारखे त्याच्याकडे दुसरेच काही होते, ते म्हणजे भारताची मैत्री.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात हा विषय एका तासिकेत घेता येतो. फळ्यावर वाट, माल, मोल, दार असे चार रकाने आखावेत. डावीकडे बेल्जियम, नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, इराण, तिमोर, मकाव, गोवा ही नावे लिहावीत. गटांनी नकाशा पाहून रकाने भरावेत. उत्तर आधी सांगू नये. कोणता देश गेला असेल याचा अंदाज गटांनी रकान्यांवरून करावा आणि मग तारखांशी पडताळावा. इराणचा रकाना भरताना रशियाला पोचणारी रेल्वे आणि अबादानचे तेलशुद्धीकरण केंद्र नकाशावर शोधायला सांगावे. एखाद्या नावाशी अंदाज चुकला तर चांगलेच, कारण चुकलेल्या रकान्यावरच खरी चर्चा होते.

शेवटी एक प्रश्न गटांना घरी न्यायला द्यावा. सुमारे दोनशे वर्षे युद्धाबाहेर राहिलेला स्वीडन २०२४ मध्ये नाटोत सामील झाला, स्वित्झर्लंड मात्र झाला नाही. चार रकान्यांतला कोणता रकाना स्वीडनसाठी बदलला असेल?